नावाचीच बारकी

९ फेब्रुवारी, रविवार

ताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. फोन वाजू द्यावा आणि गप्प बसावं हे तुला जमतं. दारातून आत आलेलं पाकीट मात्र ओलांडून जाणं तुला जमायचं नाही. निदान उचलून टेबलावर तरी ठेवशील.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवस होऊन गेले. मी धडधाकट आहे, हे आधी सांगते. मावशीने तुला काय काय मीठमसाला लावून सांगितलं असेल त्याचा भरवसा नाही. पोट फाडलेलं नाही, जठर कापलेलं नाही. पाच बारीक भोकं आणि त्यांवर चिकटपट्ट्या, एवढंच वरून दिसतं. आत, जठराच्या वरच्या टोकाला एक मऊ कडं घातलंय. त्याला बँड म्हणतात. कड्याच्या वर जेमतेम अंड्याएवढा कप्पा उरतो. तो भरला की माणसाला पोट भरल्यासारखं वाटतं. कड्यातून एक नळी निघते आणि बरगडीखाली, कातडीच्या आत, एका बटणाला जोडलेली असते. बटणात सुई घालून पाणी भरलं की कडं आवळतं, काढून घेतलं की सैल होतं. बोटाने चाचपलं की ते बटण लागतं. दिवसातून चार वेळा तरी मी ते चाचपते.

इथल्या चष्म्याच्या दुकानात सगळ्यांना सांगितलंय की पित्ताशयातले खडे काढले. नाहीतर काय सांगणार, माझा बँड वाजलाय म्हणून?

सध्या सगळं पातळ. सूप, दूध, मिक्सरमधून काढलेला बटाटा. भूक नाही, त्रास नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, दिवसभर टायरमध्ये हवा भरल्याचा फुसफुस आवाज येतो. माणसांचा वावर आहे, एकटं वाटत नाही.

डॉक्टर फार सावध माणूस आहेत. ऑपरेशनच्या आधी म्हणाले, "हे कडं जादूचं नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी चांगलं समजा. काही आठवडे काहीच उतरणार नाही. दोन वर्षांचा विचार मनात ठेवा." मी शहाण्यासारखी मान हलवली. मनात म्हटलं, ते बाकीच्यांसाठी. मी वर्ष संपायच्या आत तीस किलो उतरवणार आहे. बघशीलच.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्सने विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हटलं, बहीण येतेय, गाडीला उशीर झाला असेल. शुद्धीवर आले तेव्हा तिने परत विचारलं, मग मी झोपेचं सोंग घेतलं.

मी निघताना जिन्यात तू जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "जा, बारीक हो. मग आरशात माझं तोंड दिसायचं नाही, सुटशील." अगं, हे ऑपरेशन तुझ्याविरुद्ध नव्हतं. आई बावन्नाव्या वर्षी गेली. जिना चढताना तिच्या छातीतून जो आवाज यायचा, तो मला गेल्या वर्षी माझ्या छातीतून ऐकू आला. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, सर्दी आहे.

इथल्या मोठ्या दुकानात बदली मागितली ती हॉस्पिटल जवळ पडावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

तुझी,
बारकी


३० मार्च, रविवार

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तरी कुठे तुझ्या परवानगीने काही करते आता.

बातमी अशी की नऊ किलो गेले. नऊ! महिन्यामागे पहिल्यांदा बटणात पाणी भरलं. सुई टोचते तेवढंच दुखतं. मग एक पेला पाणी प्यायला देतात आणि खाली उतरतंय का ते बघतात. ज्या नर्सकडे माझं काम असतं ती उंच आहे, कमी बोलते, आणि तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरतो. मी तिथल्या तिथे तिच्या चष्म्याच्या दांड्या कानामागे वाकवून दिल्या. त्या दिवसापासून मी तिची आवडती पेशंट आहे.

परवा मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. उभ्याने नाही, पाय खुर्चीवर ठेवून नाही. सरळ वाकून. बांधली, सोडली आणि परत बांधली.

खाण्याचे नियम ऐक, तुला हसू येईल. घास नखाएवढा. चावून चावून त्याचं पीठ व्हायला हवं. मग चमचा खाली ठेवायचा. जेवताना पाणी नाही, आधी नाही, नंतर अर्धा तास नाही. आणि मध्येच पोट बस म्हणालं तर बस, ताटात कितीही उरलेलं असो. आपल्या घरात ताटात टाकणं म्हणजे महापाप. आठवतंय ना, आई आपल्या दोघींच्या मध्ये बसून ताटं तपासायची.

एक गंमत झाली. दुकानात दुपारी सगळे एकत्र जेवतात. त्या दिवशी मालकीणबाई सगळ्यांसाठी सँडविच घेऊन आल्या. बोलण्याच्या नादात मी पावाचा घास नीट न चावता गिळला. तो जो अडकला, ताई! छातीच्या मधोमध कुणी मूठ दाबून धरल्यासारखं. तोंडात लाळेचा फेस यायला लागला. मी हसत हसत उठले आणि संडासात जाऊन पाऊण तास बसले. चष्म्याच्या काचा घासणारा म्हातारा बाहेरून विचारत होता, "बाई, बऱ्या आहात ना?" मी आतून म्हटलं, "पित्त झालंय." तेव्हापासून मी दुपारचा डबा मागच्या खोलीत खाते, जिथे जुन्या फ्रेमांचे खोके आहेत. तिथे शांत वाटतं.

नीट जेवायचं म्हणजे अर्धा तास लागतो. एकटीने भिंतीकडे बघत अर्धा तास चावायचं म्हणजे केवढं लांबतं, याची कल्पना नव्हती.

तूही डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावंस असं मला वाटतं. रागावू नकोस. सत्तेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे.

तुझी,
बारकी (आता थोडीशी खरोखरच)


१ जून, रविवार

ताई,

मे महिन्यात लिहायला झालं नाही. दुकानात गर्दी होती. शाळा सुरू व्हायच्या आधी आया पोरांना चष्म्याला घेऊन येतात. तुझ्याकडेही शाळेच्या स्वेटरांच्या ऑर्डरी आल्या असतील. विणायचं मशीन नीट चालतंय ना? डाव्या बाजूच्या सुया अडकायच्या, त्याचं काय केलंस?

माझं छान चाललंय. तेरा किलो झाले. सध्या जरा थांबलंय, पण तसं होतंच म्हणतात. पाच आठवडे थांबलंय. मी नर्सला म्हटलं, आणखी पाणी भरा, आवळा आणखी. ती म्हणाली, "घन पदार्थ नीट उतरतात ना? अडकत नाही ना? उलट्या?" मी म्हटलं, छे, मुळीच नाही. सगळं व्यवस्थित. मग तिने थोडं भरलं.

तुला म्हणून सांगते, मला वाटलं होतं लोक ओळखतील. तेरा किलो म्हणजे थोडं नव्हे. भाजीच्या पिशवीत घालून तिसऱ्या मजल्यावर चढवून बघ. मालकीणबाईंना काही दिसलं नाही. काच घासणाऱ्या म्हाताऱ्याला दिसलं नाही. एक नेहमीच्या बाई येतात, त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मी वाटच बघत होते. म्हणाल्या, "काहीतरी वेगळं दिसतंय तुमचं. केस कापलेत का?"

मी हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात एक आजोबा आले. आठ दिवसांपूर्वी मीच त्यांना नवा चष्मा दिला होता. चष्मा काउंटरवर आपटून म्हणाले, "यातून जमीन वर येते. पायरी दिसते तिथे नसते." मी नेहमीचं सांगितलं: नंबर जास्त बदललाय, डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो, अजून पंधरा दिवस द्या. आजोबा म्हणाले, "देतो. पण पंधरा दिवस मी पाय कुठे ठेवायचा ते सांगा."

आधीचा चष्मा परत हवाय का, विचारलं. तर म्हणाले, "त्यातून तर काहीच दिसत नाही." मग तोच घालून, भिंत धरून धरून गेले.

आणखी विशेष काही नाही.

बारकी


२७ जुलै, रविवार

ताई,

मागच्या पत्रात लिहिलं की छान चाललंय. छान चाललेलं नाही.

आवळून घेतल्यापासून घन असं काही उतरत नाही. मासा नाही, अंडं नाही, भातसुद्धा नाही. नियमाप्रमाणे नखाएवढा घास घ्यावा, चावावा, तरी छातीत मूठ. दोन घासांत उठावं लागतं, आणि मग बेसिनपाशी. पण आइस्क्रीम उतरतं. आइस्क्रीमला काही चावावं लागत नाही, ते त्या कड्यातून असं अलगद खाली जातं की कडं आहे असं वाटतच नाही. चॉकलेट तोंडात विरघळवलं तर तेही. आधी आठवड्यातून एकदा. मग जेवणाऐवजी. आता दुकानातून येताना कोपऱ्यावरचा आइस्क्रीमवाला मला बघून डबा काढून ठेवतो. या शहरात मला ओळखणारा तो एकटाच आहे.

तीन किलो परत आले. पोटाला कुलूप लावलं आणि चोराला किल्ली मीच दिली.

आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं आणि खोकला सुटतो. नर्सच्या दोन तारखा मी चुकवल्या. दुकानात काम आहे म्हणून कळवलं.

हॉस्पिटलात महिन्यातून एकदा बँडवाल्यांची बैठक असते. मी एकदाच गेले. तळघरात एक खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या. एक बस चालवणारी बाई होती. वर्षात चाळीस किलो उतरवलेले. आपली जुनी पँट घेऊन आली होती. तिच्या एका पायात दोन्ही पाय घालून उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग एकेकाने आपापलं सांगायचं होतं. माझी पाळी यायच्या आधी मी छत्री विसरल्याचं निमित्त करून बाहेर पडले. छत्री माझ्या हातात होती.

तुला आनंद होत असेल. नाही, तू तशी नाहीस. हे मी रागाने लिहिलं. खोडत नाही, राहू दे.

ताई, मला काय वाटलं होतं माहितीये? वजन कमी झालं की आयुष्यात काहीतरी सुरू होईल असं वाटलं होतं. काय सुरू होईल ते ठरवलं नव्हतं. कुणीतरी शेजारी येऊन बसेल, कुणीतरी सिनेमाला चल म्हणेल, मी कुठल्यातरी समारंभात कोपऱ्यातली खुर्ची न शोधता मधून चालत जाईन, असलं काहीतरी. तेरा किलो गेले आणि त्या जागी काहीच आलं नाही. पूर्वी संध्याकाळी घरी येताना निदान जेवायला काय आहे याची उत्सुकता असायची. जिन्यातच वास यायचा, तू आत काहीतरी ढवळत असायचीस. आता दार उघडते तर खोलीला कसलाच वास नसतो.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. हळू उतरेल, थांबेल, मन खचेल, तेव्हा आमच्याकडे या, घरात लपून बसू नका. शब्दन् शब्द सांगितला होता. ऐकून घेणं आणि घशाखाली उतरणं यात फरक आहे.

परत येऊ का असं विचारणार होते. पण कुठल्या तोंडाने? आणि तू दार उघडलंस तरी कुठल्या मापाची मी आत येऊ?

बारकी


१७ ऑगस्ट, रविवार

ताई,

थोडक्यात लिहिते. हॉस्पिटलात गेले.

नर्सने मला बघितलं, खुर्ची ओढली आणि विचारलं, "काय काय उतरतं?" मी म्हटलं, आइस्क्रीम. मग सगळंच सांगितलं. मला वाटलं आता झापणार. ती आधी हात धुऊन आली. म्हणाली, "आडवं झाल्यावर खोकला येतो?" येतो. "मग बँड जास्त घट्ट आहे. पाणी काढावं लागेल."

मला रडू कोसळलं. "काढू नका," मी म्हटलं. "सैल केलात तर उरलेलंही परत येईल."

"घट्ट म्हणजे चांगला, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"नीट चावलेली पोळी-भाकरी, मासा, अंडं हळूहळू उतरायला हवं आणि थोडक्यात समाधान व्हायला हवं. तेवढाच घट्ट लागतो तो. याहून आवळला की माणसं पातळ गोडाकडे वळतात. तुम्ही पहिल्या नाही आहात." मग सुई टोचता टोचता म्हणाली, "मागच्या वेळी मला खोटं का सांगितलंत?"

"तुम्ही शाबास म्हणाल म्हणून."

ती हसली नाही. पाणी काढून झाल्यावर मला एक पेला प्यायला दिला. सरळ खाली गेलं. छातीतली मूठ इतके दिवस होती हे ती उघडल्यावर कळलं. डॉक्टरांनी फोटो काढून घेतला. कडं जागच्या जागी आहे, नशीब. पुन्हा मऊ खाण्यापासून सुरुवात. सहा महिन्यांनी परत पहिलीत बसवलंय मला.

खाली येऊन मी बराच वेळ बसस्टॉपवर बसले. दोन बसा सोडल्या. हे कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून तुला.

बारकी


७ सप्टेंबर, रविवार

ताई,

तुझं कार्ड मिळालं. सात महिन्यांत तीन वाक्यं: "सगळी पत्रं मिळाली. १९ तारखेला शुक्रवारी येते, चार दिवस राहीन. स्टेशनवर येऊ नकोस."

मी कार्ड दुकानात नेलं होतं. काच घासणाऱ्या म्हाताऱ्याला दाखवलं. त्याने चष्मा बदलून वाचलं आणि म्हणाला, "बहीण फार बोलकी दिसते."

दुसरी उशी आणलीये. जिना उभा आहे, पण प्रत्येक मजल्यावर बसायला कट्टा आहे. घाई करू नकोस.

तुझी,
बारकी


५ ऑक्टोबर, रविवार

ताई,

रोज संध्याकाळी फोनवर आपल्या दोघींच्या तोंडात घास असतो, त्यामुळे काही गोष्टी बोलायच्या राहून जातात. त्या लिहून टाकते. तू तिथे होतीस हे खरं, पण माझ्या आत काय चाललं होतं ते तुला दिसलं नसणार.

स्टेशनवर मी आलेच होते, तू नको म्हणूनही. पुलाच्या खांबाशी उभी होते. गाडी आली, माणसं उतरली, आणि मी तुला शोधत राहिले. तू माझ्यासमोरून गेलीस ताई. राखाडी स्वेटर घातलेली एक बाई बॅग ओढत गेली, एवढंच मला दिसलं. मग ती बाई थांबली आणि तिने बॅग या हातातून त्या हातात घेतली. ती खांद्याची हालचाल फक्त तुझी आहे.

तुझ्या मापाने तूच विणलेला स्वेटर. त्यात तुझ्यासकट आणखी कुणीतरी मावलं असतं. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकलेलं. गालांची जागा रिकामी.

आता जे लिहिते ते वाचून कार्डाची चौथी ओळ लिहू नकोस, मला माहीत आहे ते किती वाईट आहे. तुला तशी बघून मला आधी काळजी वाटली नाही. माझ्या पोटात दुखलं. बँडमुळे नव्हे. मी पोटात कडं घालून घेतलं, सुया टोचून घेतल्या, संडासात बसून फेस थुंकला, आणि ही काही न करता माझ्यापेक्षा बारीक झाली! म्हणून मी "कशी आहेस" असं विचारलं नाही. मी विचारलं, "कसं केलंस?"

तू म्हणालीस, "काय कसं केलं? तिकीट काढलं आणि बसले गाडीत."

जिन्यात तू एकाही कट्ट्यावर बसली नाहीस. मी दोनदा बसले. तेव्हाही मला दुखलंच.

घरी मी दोघींसाठी मासा आणि बटाटे केले होते. सगळं सकाळपासून चाललं होतं. मी घास नखाएवढा घेऊन चावत बसले. तू बघत होतीस.

"एवढं चावायचं?" तू म्हणालीस.

"एवढंच."

"तुझ्यापेक्षा गाय परवडली."

मला इतकं हसू आलं की घास अडकतो की काय असं वाटलं. आणि मग माझं लक्ष तुझ्या ताटाकडे गेलं. तू चार घास खाऊन चमचा उपडा घातला होतास.

"एवढंच?"

"एवढंच जातं."

"तुला कुठे बँड आहे?"

तू ताट बाजूला सारलंस. "एकटीसाठी कोण भांडं चढवणार? चहात दोन बिस्किटं बुडवली की दुपार निघते. संध्याकाळी भूक लागली तर लागते, नाही तर नाही. मशीनवर बसलं की कळत नाही."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून," तू म्हणालीस आणि खिडकीतून खाली सायकलींकडे बघत राहिलीस.

तेव्हा कुठे माझं पोट दुखायचं थांबलं आणि मला भीती वाटली. जानेवारीत मी गेले. सात महिने मी तुला माझ्या प्रत्येक किलोची बातमी देत राहिले, आणि तू तिकडे न सांगता उतरत होतीस.

दुसऱ्या दिवशी मी तुला बळेच हॉस्पिटलात नेलं तेव्हा तू किती चिडलीस! रक्त काढलं, फोटो काढले, सगळं झालं. सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं की आजार काही दिसत नाही. पण असं उतरलेलं वजन चांगलं नव्हे, स्नायू गेलेत, या नीट जेवत नाहीत. तू त्यांना म्हणालीस, "लोक तुमच्याकडे हेच विकत घ्यायला येतात ना?" माझा जीव शरमेने अर्धा झाला, पण खरं सांगते, थोडा अभिमानही वाटला.

बाहेरच्या बाकावर तू मला विचारलंस, "तू गेलीस ती बारीक व्हायला, की मला सोडून?"

मी तिथे म्हटलं होतं, थोडं दोन्ही. आज नीट लिहिते. आपण दोघी एका सोफ्यावर बसायचो आणि आपल्या मध्ये एक ताट असायचं. मला ते ताट सोडायचं होतं. तू त्या ताटाच्या पलीकडे बसलेली होतीस, म्हणून तूही सुटलीस. ताट सोडून तुझ्याशेजारी कसं बसायचं हे मला येत नव्हतं. अजूनही फारसं येत नाही.

तू म्हणालीस, परत ये. मी म्हटलं, तू इथे ये. तुझं मशीन तीन माणसांनाही उचलवत नाही आणि माझी नर्स इथे आहे. ते भांडण तिथेच राहिलं. स्टेशनवर आपण मिठी मारली नाही, कारण आपल्याला ते जमत नाही. तू फक्त माझ्या पाठीवर दोन थापा मारल्यास, मशीन अडकल्यावर मारतेस तशा.

वजनाचं विचारत होतीस. परवा नर्सने बघितलं. बारा किलो कमी, जानेवारीच्या मानाने. वर्ष संपायच्या आत तीस काही होत नाहीत. नर्स म्हणाली, "ठीक चाललंय." हा शब्द मला पूर्वी शिवीसारखा वाटायचा. या वेळी मी घरी येऊन मासा उकडला.

खोली तशीच आहे. दुसरी उशी मी उचललेली नाही, तिच्यावर घडी केलेले कपडे ठेवते. तू गेल्यावर पहिले दोन दिवस इतके जड गेले की कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्यापर्यंत जाऊन आले. एकदा परत फिरले, एकदा नाही. हेही सांगून ठेवते. रोज फोन लावून एकाच वेळी जेवायची तुझी कल्पना चांगली आहे, पण फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटते. त्याला काही इलाज नाही. तुझ्याकडेही तसंच असेल.

काल मात्र काय झालं, तुझ्या बाजूने तुला कळलं नसेल. साडेसातला तू फोन लावलास. मी ताट घेऊन बसले, तू तुझं. तुझ्या चमच्याचा आवाज येत होता. तू म्हणालीस, "आज अंडं केलंय, मीठ जास्त झालंय." मी म्हटलं, "बोलू नकोस, चाव." मग दोघी चावत राहिलो, फक्त तुझा चमचा वाजत होता. आणि मग तो आवाजही गेला. मी हॅलो म्हटलं. काही नाही. फोन कापला गेला होता.

मी लावून बघितला, लागला नाही. माझ्या ताटात अर्धं अन्न होतं. मला वाटलं, तू उठली असशील. भांडं झाकून मशीनवर बसली असशील. मीही उठावं, कोण बघतंय? चपला दाराशीच होत्या. मी खरंच उठले होते, ताई. चपलेत एक पाय घातला होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"लाइन गेली होती," तू म्हणालीस. "जेवलीस?"

"नाही. तू?"

"तुझा आवाज गेला तसा मी चमचा खाली ठेवला. अर्ध्यावर आहे."

मी चप्पल काढली आणि येऊन बसले.

"मीपण," मी म्हटलं.

"मग कर सुरू," तू म्हणालीस.

बारकी